एक्स-रे नॉर्मल आहे, पण मूल पाय टाकत नाही

हडपसर भागात व्यवसाय करणाऱ्या एका तरुण कुटुंबवैद्यांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. १६ महिन्यांची मुलगी, दोन-तीन महिन्यांपूर्वी चालू लागलेली, ३ दिवसांपासून डावा पाय जमिनीवर टाकत नाही. आठवड्यापूर्वी तिला सर्दी झाली होती आणि तोंड आले होते. ताप १०० अंश फॅरनहाइटच्या वर गेलेला नाही. ती पाळणाघरात जाते, पण तेथे पडल्याचे कोणी पाहिलेले नाही. गुडघ्यापासून घोट्यापर्यंतचा एक्स-रे नॉर्मल आहे, पांढऱ्या पेशी १३,२०० आहेत आणि सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्तचाचणी) १४ आहे. एका ठिकाणी 'पाय मुरगळला असेल' असे सांगून क्रेप बँडेज आणि आयबुप्रोफेन देण्यात आले. आता खबरदारी म्हणून अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलानेट या प्रतिजैविकाचे सिरप सुरू करावे का, खुब्यात पू आहे का हे ठरवायला वापरल्या जाणाऱ्या कोचर निकषांवर किती विसंबावे आणि एमआरआय केव्हा सांगावा, असे तीन प्रश्न आहेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर निकडीचे आहे म्हणून आधी देतो. सिरप आज सुरू करू नका. हाडातल्या किंवा सांध्यातल्या जीवाणूंना पुरून उरेल इतकी त्याची मात्रा नसते, मात्र रक्ताचे आणि सांध्यातल्या पाण्याचे कल्चर, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी, निर्जंतुक यावे एवढी ती नक्कीच असते. अशा मुलाचा ताप एक-दोन दिवस उतरतो, घरचे निश्चिंत होतात, आणि आठवड्याने मूल परत येते तेव्हा हाडात पू झालेला असतो, कोणत्या जंतूमुळे झाला हे मात्र कळण्याचा मार्ग उरलेला नसतो. माझ्याकडे येणाऱ्या अशा मुलांपैकी बऱ्याच जणांना आधी कोणते ना कोणते प्रतिजैविक मिळालेले असते, आणि त्यांच्या निदानात सर्वांत जास्त वेळ तेथेच जातो.

'मुरगळणे' या निदानाविषयीही थोडे लिहिणे भाग आहे. ३ वर्षांखालील मुलाचे अस्थिबंध (लिगामेंट) त्याच्या हाडांच्या वाढीच्या चकत्यांपेक्षा, म्हणजे हाड जेथून लांब होते त्या कूर्चेच्या थरांपेक्षा, बळकट असतात, त्यामुळे या वयात खरा मुरगळा फार क्वचित होतो. मूल पडले असेल तर हाडाला बारीक चीर जाईल, पण लिगामेंट ताणले जाण्याची शक्यता कमी. म्हणून लंगडणाऱ्या १६ महिन्यांच्या मुलाच्या केसपेपरवर 'स्प्रेन' हा शब्द दिसला की मी तो निदान म्हणून वाचत नाही. निदान अजून झालेले नाही, एवढाच त्याचा अर्थ घेतो.

या वयात संसर्ग हाडात का बसतो, हे डोळ्यांसमोर ठेवले की पुढची तपासणी सोपी जाते. लांब हाडाच्या टोकाशी, वाढीच्या चकतीलगतच्या भागात, म्हणजे मेटाफिसिसमध्ये, बारीक रक्तवाहिन्या वळसा घेऊन परततात आणि तेथे रक्ताचा वेग मंदावतो. घशातून, त्वचेवरच्या फोडातून किंवा सलाइनच्या सुईतून रक्तात आलेले जंतू तेथे रेंगाळतात. मांडीच्या हाडाचे खालचे टोक, नडगीच्या हाडाचे वरचे टोक आणि दंडाच्या हाडाचे वरचे टोक या त्यांच्या ठरलेल्या जागा आहेत. मोठ्या मुलात वाढीची चकती जंतूंना काही काळ अडवून धरते, परंतु साधारण दीड वर्षापर्यंत या चकतीतून आरपार जाणाऱ्या रक्तवाहिन्या असतात, त्यामुळे तान्ह्या बाळात हाडाचा संसर्ग पाहता पाहता सांध्यात उतरतो. शिवाय खुबा, खांदा, कोपर आणि घोटा या चार ठिकाणी मेटाफिसिसचा काही भाग सांध्याच्या पिशवीच्या आतच असतो, त्यामुळे हाडाचे पातळ कवच फुटले की पू थेट सांध्यात येतो. म्हणूनच लहान मुलात 'हाडाचा की सांध्याचा' हा प्रश्न फार ताणून धरू नये. दोन्ही एकाच वेळी असू शकतात, आणि एक सापडले तर दुसरे शोधायचेच असते.

लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातील टॉमस स्मिथ यांनी १८७४ मध्ये वर्षाच्या आतील बाळांच्या या आजाराचे वर्णन केले. खुब्याचा सांधा त्यात नष्ट झाला तर आपल्याकडे आजही 'टॉम स्मिथ आर्थ्रायटिस' म्हणतात. रॉन्टजेन यांना क्ष-किरण सापडले ते १८९५ मध्ये, म्हणजे हे वर्णन एक्स-रेच्या २१ वर्षे आधीचे आहे. आजाराची ओळख पटायला त्या वेळी डोळे आणि बोटे यांखेरीज काही हाताशी नव्हते, आणि पहिल्या दोन-तीन दिवसांपुरती आपली स्थितीही फारशी वेगळी नाही.

आईचे बोलणे शब्दशः लिहून घ्यावे. 'लंगोट बदलताना किंचाळते', 'कडेवर घेतले की रडते, खाली ठेवले की गप्प होते', 'मालीश करू देत नाही', 'पाय मधेच दुमडून ठेवते' ही वाक्ये कोणत्याही रक्तचाचणीपेक्षा जास्त सांगतात. लंगोट बदलताना खुबा हलतो, म्हणून तेव्हाचे रडणे आधी खुब्याकडे आणि मग कंबरेच्या मागच्या सॅक्रोइलिअ‍ॅक सांध्याकडे बोट दाखवते. सतत कडेवर राहू पाहणारे मूल खाली ठेवल्यावर गप्प होत असेल, तर उचलताना काहीतरी दुखते आहे हे उघड आहे. बसायलाच तयार नसणाऱ्या, पडलेले खेळणे पाठ ताठ ठेवून गुडघ्यांत बसून उचलणाऱ्या मुलाच्या पायाचे कितीही एक्स-रे काढले तरी काही मिळणार नाही, कारण त्याचे दुखणे पाठीच्या दोन मणक्यांमधल्या चकतीत असते.

तुमच्या पत्रात नसलेला एक प्रश्न आज आईला विचारा: ही मुलगी रांगते का? गुडघ्यांवर भार देऊन ती आरामात रांगत असेल आणि फक्त उभी राहत नसेल, तर दुखणे बहुधा गुडघ्याच्या खाली आहे, आणि नडगीची बारीक चीर, जिला 'टॉडलर्स फ्रॅक्चर' म्हणतात, ती यादीत वर येते. रांगतही नसेल तर गुडघा, मांडी किंवा खुबा पाहायला हवा, आणि मग तुम्ही काढलेला एक्स-रे चुकीच्या जागेचा आहे. खुब्याचे दुखणे गुडघ्यात जाणवते ही गोष्ट आपण सर्व जण परीक्षेसाठी पाठ करतो आणि ओपीडीत विसरतो.

नवजात बाळांची गोष्ट निराळी आहे. त्यांना बहुधा ताप येत नाही, सीआरपी फारसा वाढत नाही, आणि बाळ एवढेच करते की एक हात किंवा एक पाय हलवत नाही. आपल्याकडे याचे खापर हटकून मालीशवाल्या मावशींवर फुटते. 'हात लचकला', 'खांदा उतरला' म्हणून बाळाला आधी हाडवैद्याकडे नेले जाते. सहाव्या आठवड्याची लस मांडीत दिल्यावर पाय हलेनासा झाला तर दोष लसीला मिळतो. लसीचे दुखणे दोन दिवसांत ओसरते. तिसऱ्या दिवशीही बाळ पाय हलवत नसेल तर लसीचे कारण सोडून द्यावे.

याबाबतीत इतरांना नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात मला एका नवजात विभागात साधारण तीन आठवड्यांचे, मुदतीपूर्वी जन्मलेले बाळ दाखवले गेले. त्याचा उजवा हात लुळा पडला होता. मी प्रसूतीच्या वेळी खांद्याच्या नसा ताणल्या गेल्याचे, म्हणजे एर्ब्ज पाल्सीचे, निदान लिहून मोकळा झालो. जन्मल्यावर पहिले दोन आठवडे हा हात हलत होता का, हे मी विचारले नाही. तेथील परिचारिकेला ते ठाऊक होते: हात छान हलत होता, दूध पाजताना बाळ तिचे बोट धरत असे. तीन दिवसांनी खांदा सुजला तेव्हा सुईतून पू आला. दंडाच्या हाडाची जवळपास ८० टक्के वाढ वरच्या टोकाच्या चकतीतून होते, आणि ती चकती दुखावली गेली. ते मूल आता मोठे झाले आहे, त्याचा तो दंड दुसऱ्यापेक्षा ठळकपणे आखूड आहे. नस ताणली गेली असेल तर हात जन्मापासून लुळा असतो. आधी हलत असलेला हात नंतर थांबला तर तो संसर्ग समजून चालावे, आणि एका जागी पू मिळाला तर इतर सर्व सांधे, विशेषतः दोन्ही खुबे, तपासावेत, कारण या वयात एकाच वेळी अनेक ठिकाणी संसर्ग असणे नेहमीचे आहे.

आता हात लावून करायची तपासणी. मुलीला टेबलावर झोपवू नका. टेबलावर झोपवलेले मूल सर्वत्र दुखते असेच सांगते. तिला आईच्या मांडीवर बसू द्या, दोन्ही पायांवरचे कपडे आणि ते क्रेप बँडेज काढा, आणि पहिली पाच मिनिटे नुसते पाहा. कोणता पाय ती स्वतःहून हलवते, खुबा अर्धवट वाकवून बाहेरच्या बाजूला टाकून ठेवला आहे का, गुडघ्याच्या वाटीच्या बाजूचे खळगे दोन्हीकडे सारखे दिसतात का, हे पाहा. मी या वेळी खिशातल्या किल्ल्यांचा जुडगा आधी बऱ्या पायाजवळ आणि मग दुखऱ्या पायाजवळ धरतो. तो घेण्यासाठी मूल पाय ताणते की अंग वळवून पाय वाचवते, यात बरेच समजते. मग हात गरम करून बऱ्या पायापासून सुरुवात करा. पाय पूर्ण सरळ असताना मांडीला हलकेच, पोळीचे लाटणे फिरवावे तसे आत-बाहेर फिरवा. खुबा निरोगी असेल तर मूल हे करू देते. सांध्यात दाबाखाली पाणी असेल तर कंबर पायाबरोबर उचलली जाते. त्यानंतर एकाच बोटाने, मुलीच्या चेहऱ्याकडे पाहत, नडगीवर खालून वर या. नडगीच्या खालच्या तिसऱ्या भागात दाबल्यावर किंवा पाऊल हलकेच पिळल्यावर ती दचकली तर चीर असावी. गुडघ्याच्या लगेच वर किंवा खाली, हाडाच्या फुगीर भागावर दचकली तर मेटाफिसिस. वेदनाशामक दिल्याने खूण लपेल म्हणून ते नाकारणे मला पटत नाही, पण शेवटची मात्रा किती वाजता दिली ते केसपेपरवर लिहा आणि तिचा अंमल उतरत आल्यावर, सहा-आठ तासांनी, हीच तपासणी तुम्ही स्वतः पुन्हा करा. दोन तपासण्यांच्या मधला फरक हा या आजारातला अतिशय विश्वासू साक्षीदार आहे, आणि तो दोन वेगवेगळ्या डॉक्टरांनी केलेल्या तपासण्यांमधून मिळत नाही.

रक्ताच्या अहवालाकडे वळतो. सीआरपी १४ असे तुम्ही लिहिले आहे, पण एकक लिहिलेले नाही. पुण्यातल्या काही प्रयोगशाळा मिलिग्रॅम प्रति लिटर लिहितात, काही प्रति डेसिलिटर, आणि दोन्हींत दहा पट अंतर आहे. १४ मिलिग्रॅम प्रति लिटर हे आकडे सर्दीनेही चढतात; १४ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे १४० प्रति लिटर, आणि तसे असेल तर हे उत्तर वाचणे थांबवून मुलीला भरती करा. अहवालाचा फोटो नव्हे, आकड्याच्या शेजारचे ते एकक वाचून खात्री करा. फोनवरून सांगितलेल्या सीआरपीने एकदा माझीही फसगत झालेली आहे.

तो १४ प्रति लिटर आहे असे धरून चालू, कारण बाकीचे चित्र त्याच्याशी जुळते. सीआरपी संसर्ग सुरू झाल्यावर ६ ते ८ तासांत वाढू लागतो आणि साधारण दोन दिवसांत शिखर गाठतो. कारण दूर झाले की सुमारे १९ तासांत निम्मा होतो. ईएसआर ही दाह दाखवणारी दुसरी रक्तचाचणी. ती चढायलाही आळशी आणि उतरायलाही आळशी, तीन-चार आठवडे तशीच राहते. म्हणून दिवसागणिक चढउतार पाहायला सीआरपी उपयोगी आहे, आणि त्याचा एक आकडा फारसा कामाचा नाही. प्रोकॅल्सिटोनिन या आणखी एका रक्तचाचणीवर पालकांचे पैसे खर्च करण्याची गरज नाही. बालसंसर्गतज्ज्ञांच्या अमेरिकी संघटनांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेतही नेहमीच्या तपासणीत ते करू नये असेच सुचवले आहे.

कमी सीआरपीने निश्चिंत का होऊ नये, याचे कारण किंगेला किंगी हा जंतू आहे. अमेरिकी जीवाणूशास्त्रज्ञ एलिझाबेथ किंग यांच्या नावावरून त्याचे नाव पडले. तो ६ महिने ते ४ वर्षांच्या मुलांच्या घशात मुकाट्याने राहतो, पाळणाघरात एकाकडून दुसऱ्याकडे जातो, आणि सर्दी झाली, तोंड आले किंवा हँड-फूट-माउथ या विषाणूच्या आजाराने तोंडात फोड आले की त्या चिरांमधून रक्तात उतरतो. त्याने होणारा आजार सौम्य दिसतो: ताप नाहीसाच, मूल खेळते-खाते, पांढऱ्या पेशी जेमतेम वाढलेल्या, सीआरपी कधी २० च्या खाली, मूल फक्त पाय टाकत नाही. तुमच्या रुग्णाचे वर्णन याच्याशी किती मिळते हे मी वेगळे सांगायला नको. साध्या प्लेटवर हा जंतू वाढत नाही म्हणून कित्येक दशके ही मुले 'कल्चर निगेटिव्ह' या सदरात जात राहिली. इस्राएलमधील याग्युप्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये सांध्यातले पाणी थेट रक्ताच्या कल्चर बाटलीत घालून पाहिले, तेव्हा तो मोठ्या प्रमाणात सापडू लागला. पुढे पीसीआरने, म्हणजे जंतूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या चाचणीने, तो आणखी दिसू लागला आणि युरोपात या वयोगटातल्या हाड-सांध्यांच्या संसर्गाचे प्रमुख कारण ठरला. आपल्याकडे ही पीसीआर चाचणी सर्रास मिळत नाही, त्यामुळे तो आपल्याकडे नाही असे म्हणणे म्हणजे दिवा न लावता खोली रिकामी असल्याचे सांगणे होय. मिळत असेल तर घशाच्या स्वॅबवरही ती करता येते. ती निगेटिव्ह आली तर किंगेलाची शक्यता बरीच कमी होते, पॉझिटिव्ह आली तर मात्र सिद्ध काही होत नाही, कारण धडधाकट मुलांच्या घशातही तो असतो.

सर्व वयांचा हिशेब मांडला तर पहिला क्रमांक अजूनही स्टॅफिलोकोकस ऑरियस (थोडक्यात स्टॅफ) या जंतूचाच आहे, आणि तो सौम्य नाही. त्याच्यामुळे आलेले मूल तापाने फणफणलेले, निस्तेज असते, सीआरपी शंभरीत असतो. त्यातल्या काही जातींमुळे पायाच्या खोल शिरेत गुठळी होऊन फुप्फुसांत पूयुक्त गाठी पसरतात. हाडाचा संसर्ग असलेले मूल जोरजोरात श्वास घेऊ लागले तर लगेच छातीचा एक्स-रे काढावा. हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी हा जंतू मात्र पेंटाव्हॅलंट लस आल्यापासून, म्हणजे देशात २०११ नंतर टप्प्याटप्प्याने, मागे पडला आहे. तरीही लसीकरणाचे कार्ड पाहिल्याशिवाय मी ते गृहीत धरत नाही.

रक्ताचे कल्चर हा तुमच्या हातातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित नमुना आहे. बाटलीत अर्धा मिलिलिटर रक्त टाकून कल्चर पाठवले असे म्हणू नये. १० किलोच्या मुलीचे किमान २, जमल्यास ४ मिलिलिटर रक्त घ्या, आणि ते प्रतिजैविकाच्या पहिल्या थेंबाआधी घ्या. याच सुईतून पेशींची संख्या, ईएसआर, सीआरपी आणि रक्ताची काच (पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी), असे सर्व एकदाच होऊन जाते. काच मुद्दाम सांगतो, कारण ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, असाच लंगडत येतो. संसर्गात प्लेटलेट वाढतात. ईएसआर चढलेला आणि प्लेटलेट कमी किंवा अगदी मधल्याच, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, असे एकत्र दिसले तर काच पाहिल्याखेरीज स्टिरॉइडचा एक थेंबही देऊ नये.

कोचर निकषांविषयी. बोस्टनमधील मिनिंदर कोचर आणि सहकाऱ्यांनी ते १९९९ मध्ये मांडले. १९०९ चे नोबेल मिळवणारे स्विस शल्यचिकित्सक थिओडोर कोचर ते हे नव्हेत, विद्यार्थी अनेकदा गल्लत करतात. ताप ३८.५ अंश सेल्सिअसच्या वर, पायावर भार न देणे, ईएसआर ४० च्या वर आणि पांढऱ्या पेशी १२,००० च्या वर, या चारांपैकी चारही असतील तर खुब्यात पू असण्याची शक्यता त्यांच्या मूळ अभ्यासात ९९.६ टक्के आणि दोन असतील तर ४० टक्के होती. त्यांनीच २००४ मध्ये नव्या रुग्णांवर पुन्हा तपासले तेव्हा चारांचा आकडा ९३ वर आला, आणि दुसऱ्या एका केंद्राला तर तो ५९ च मिळाला. २००६ मध्ये त्यात २० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वरच्या सीआरपीची भर पडली. हे निकष फक्त खुब्यासाठी आहेत, पू आणि तात्पुरती सूज, म्हणजे ट्रान्झियंट सायनोव्हायटिस, यांत फरक करण्यासाठी आहेत, आणि ते बनवले गेले तेव्हा किंगेला हिशेबात नव्हता. चालायला न शिकलेल्या बाळात तर त्यांतला दुसरा निकष निरर्थकच आहे. तुमच्या रुग्णाला दोन निकष लागू पडतात, ईएसआर केलेलाच नाही, आणि दुखणे खुब्यात आहे की नाही हे अजून माहीत नाही. त्यामुळे येथे बेरीज करण्यात अर्थ नाही. ट्रान्झियंट सायनोव्हायटिस हे निदानही ३ ते ८ वर्षांच्या मुलांचे आहे. १६ महिन्यांच्या मुलीला ते लावण्यापूर्वी थांबावे.

एक्स-रे नॉर्मल असणे अपेक्षितच होते. हाडातले ३० ते ५० टक्के क्षार कमी झाल्याशिवाय फिल्मवर काही दिसत नाही, आणि त्याला १० ते १४ दिवस लागतात. पहिल्या आठवड्यात एक्स-रे काढायचा तो फ्रॅक्चर आणि गाठ पाहण्यासाठी, आणि दोन्ही पायांचा एकाच फिल्मवर, म्हणजे हाडाभोवतीच्या चरबीच्या रेषा एका बाजूला पुसल्या गेल्या असतील तर तुलनेने कळते. सोनोग्राफी खुब्यातले पाणी उत्तम दाखवते आणि तिला भूल लागत नाही, म्हणून ती आजच करा. पण ते पाणी पू आहे की साधे, हे तिला सांगता येत नाही, आणि पहिल्या २४ तासांत पाणी नसल्याचा अहवाल चुकू शकतो. हाडाला चिकटून आवरणाखाली पू साठला असेल तर अनुभवी सोनोग्राफरला तो दिसतो, मात्र कागदावर 'डावा पाय' एवढेच न लिहिता, बोटाने सापडलेली दुखरी जागा पेनने खूण करून पाठवा.

एमआरआय हे सर्वांत चांगले चित्र आहे आणि या वयात त्याला भूल लागते, म्हणून तो एकदाच आणि नीट व्हावा. कोठे दुखते हे निश्चित असेल तर त्या भागाचा. खुबा किंवा कंबर असेल तर दोन्ही खुब्यांसह संपूर्ण ओटीपोटाचा, कारण 'सेप्टिक हिप' म्हणून पाठवलेल्या मुलांत सोअस या कंबरेतल्या खोल स्नायूमधला किंवा मांडीच्या आतल्या स्नायूंतला पू हा नेहमी भेटणारा चकवा आहे. सर्वांत लहान मुलांत हाडाचे टोक अजून कूर्चेचे असते, तेथे कॉन्ट्रास्टचा उपयोग होतो. मात्र एमआरआयची वेळ उद्या दुपारची मिळाली म्हणून आज रात्री पूने भरलेला खुबा तसाच ठेवायचा नसतो. तेथे सोनोग्राफीत पाणी दिसले आणि मूल आजारी दिसत असेल तर थेट शस्त्रक्रियागृहात न्यावे. मंचर किंवा जुन्नरहून येणाऱ्या मुलाचा नाशिक रस्त्यावर जाणारा वेळही या हिशेबात धरावा लागतो.

शेवटी खात्री होते ती सुईने. जाड, १८ गेजची सुई घ्यावी, कारण घट्ट पू बारीक सुईतून येत नाही आणि 'कोरडा' सांधा म्हणून फसवतो. खुब्यात सुई गेली आणि काही आले नाही तर रंगद्रव्य सोडून सुई सांध्यातच होती याची खात्री करावी. मिळालेल्या पाण्याचे वाटे मी स्वतः टेबलाशीच करतो: थोडे ईडीटीएच्या नळीत पेशी मोजायला, थोडे ग्रॅम रंजनासाठी, आणि उरलेले सुई बदलून तेथल्या तेथे मुलांच्या रक्त-कल्चरच्या बाटलीत, पीसीआर करायची सोय असेल तर चार थेंब निर्जंतुक नळीत शीतपेटीत. सिरिंजभर पू हातात असताना कापसाचा स्वॅब बुडवून पाठवणे हा मला न समजलेला प्रकार आहे, पण तो रोज घडतो. घनमिलिमीटरला ५०,००० च्या वर पेशी असतील तर जीवाणू समजावेत. त्याहून कमी असतील तर नाहीत असे मात्र समजू नये, किंगेलात त्या कमी असू शकतात. दुखणे आठवड्यांचे असेल, सांधा सुजलेला पण गरम नसेल, घरात कोणाला टीबी झालेला असेल, तर त्याच नमुन्याची टीबीचा जंतू शोधणारी सीबीनॅट चाचणी आणि ऊतींचा तुकडा पॅथॉलॉजीला, हेही त्याच दिवशी करावे.

संसर्गासारखे दिसणारे आणखी दोन आजार पुण्यात राहूनही भेटतात. दूध आणि बिस्किटे यांवरच वाढलेल्या, फळ-भाजी तोंडात न घेणाऱ्या मुलात स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार, होतो. पाय बेडकासारखे पसरून मूल निपचित राहते, हिरड्या सुजलेल्या असतात, आणि एमआरआयमध्ये अनेक मेटाफिसिस उजळलेले दिसल्याने संसर्ग किंवा ल्युकेमियाचा अहवाल येतो. आहाराचा प्रश्न दोन मिनिटांचा आहे आणि बायोप्सी वाचवतो. दुसरा, नंदुरबारसारख्या आदिवासीबहुल भागातून शहरात कामाला आलेल्या कुटुंबांतला सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार. त्याच्या दुखण्याचा झटका आणि हाडाचा संसर्ग एकमेकांसारखे दिसतात, आणि तेथे साल्मोनेला हा जंतू लक्षात ठेवावा लागतो.

प्रतिजैविक थांबवणे म्हणजे वाट पाहत बसणे नव्हे. मूल आजारी दिसत असेल, नवजात असेल, किंवा खुब्यात पू असल्याची दाट शंका असेल, तर रक्त काढल्यावर त्याच तासाला शिरेवाटे औषध सुरू करावे. मूल ठीक दिसत असेल आणि नमुना घेण्याची तयारी चालू असेल, तर भरती करून, डोळ्यांसमोर ठेवून, ४८ ते ७२ तासांपर्यंत औषध थांबवता येते. वर उल्लेखिलेल्या मार्गदर्शिकेतही हीच मर्यादा आहे. औषध सुरू करताना सिफॅझोलिन स्टॅफच्या नेहमीच्या जातींना आणि किंगेलाला, दोघांनाही लागू पडते. क्लिंडामायसिन किंवा व्हँकोमायसिन एकटे दिले तर किंगेलावर भरवसा ठेवता येत नाही.

तुमच्या रुग्णासाठी मी आजच्या आज असे करीन. बँडेज काढून, आईच्या मांडीवर, वर लिहिल्याप्रमाणे तपासणी. रक्ताचे कल्चर, ईएसआर, काच आणि सीआरपी पुन्हा, या वेळी एकक पाहून. दोन्ही खुब्यांची आणि दोन्ही गुडघ्यांची सोनोग्राफी. आणि २४ तास निरीक्षणाखाली भरती. कोठेही पाणी दिसले तर ते काढावे. पाणी नसेल, पण मेटाफिसिसवर एक ठरलेली जागा दुखत असेल किंवा सीआरपी चढत असेल, तर उद्या एमआरआय. यांतले काहीच नसेल, मुलगी रांगत असेल आणि दुखरी जागा नडगीच्या खालच्या भागात असेल, तर तिरक्या कोनातून नडगीचा आणखी एक एक्स-रे काढा, प्लास्टरऐवजी नुसते स्प्लिंट द्या म्हणजे पाय रोज उघडून पाहता येईल, आणि तिला तिसऱ्या दिवशी परत बोलवा.

१० ते १४ दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढाल तेव्हा हाडाच्या कडेने नव्या हाडाची पातळ रेषा दिसेल, आणि रेडिओलॉजीच्या अहवालात फ्रॅक्चर भरून येत असल्याचे लिहिलेले असेल. ही रेषा संसर्गातही अगदी तशीच दिसते. चीर गेलेली मुलगी तोवर पुष्कळदा चालू लागलेली असते; फिल्म उजेडासमोर धरण्याआधी ती दारातून तुमच्या टेबलापर्यंत स्वतःच्या पायांनी येते का, ते पाहून ठेवा.